देणगी-नियोजकाचा मेहनताना कोणी द्यावा : अमेरिकेतील एका व्यवसायाची पार्श्वभूमी

अमेरिकेत धर्मादाय देणग्या आणि मृत्युपत्रे यांचे एकत्रित नियोजन करणाऱ्यांमध्ये वकील आहेत, हिशेबनीस आहेत, विमा आणि गुंतवणुकीच्या योजना विकणारे आहेत, बँकांच्या ट्रस्ट विभागांतील अधिकारी आहेत आणि विद्यापीठे, रुग्णालये, चर्च यांच्या पगारावर असलेले कर्मचारीही आहेत. दात्याच्या टेबलाभोवती हे सारे एकत्र बसतात, परंतु प्रत्येकाचा मेहनताना वेगळ्या खिशातून येतो. या व्यवसायाचा इतिहास बहुधा करकायद्यातील बदलांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम पुढे येईलच. मात्र या मंडळींमध्ये आजवर जो वाद खऱ्या अर्थाने धुमसत राहिला, तो वजावटीचा नसून या वेगवेगळ्या खिशांचा आहे.

दूरच्या भूतकाळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. धर्मादाय कार्य म्हणजे काय, याची यादी इंग्लंडच्या 1601 च्या कायद्याने घालून दिली आणि ती समजूत अमेरिकेत पोहोचली. मालमत्ता आज द्यावी, तिच्या मोबदल्यात तहहयात ठरावीक रक्कम घ्यावी आणि उरेल ते संस्थेचे, ही कल्पनाही जुनी आहे. स्वातंत्र्ययुद्धाची चित्रे रंगवणाऱ्या एका वृद्ध चित्रकाराने 1831 साली आपला संग्रह न्यू हेवन येथील महाविद्यालयाला दिला आणि दरसाल 1,000 डॉलर घेण्याचा करार केला. अशा रकमेला मराठीतला ‘वर्षासन’ हा शब्द नेमका बसतो. तो चित्रकार 1843 पर्यंत जगला, आणि योगायोगाने त्याच वर्षी धर्मग्रंथ छापून वाटणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका संस्थेने देणगीच्या बदल्यात वर्षासन देण्याची रीतसर सुरुवात केली. या व्यवहारांत सल्लागार नव्हता. दाता आणि संस्था समोरासमोर बसून आकडा ठरवीत असत.

सल्लागाराची गरज करांनी निर्माण केली. मृताच्या मालमत्तेवरील संघीय कर 1916 मध्ये आला, प्राप्तिकरातील देणगीची वजावट 1917 मध्ये आली आणि मृत्युपत्राने दिलेल्या देणगीची वजावट 1918 च्या महसूल कायद्याने दिली. ही शेवटची वजावट महत्त्वाची ठरली, कारण तिला प्राप्तिकरातील वजावटीसारखी टक्केवारीची मर्यादा नव्हती. मधल्या काळात वर्षासनाच्या दरांवरून संस्थांमध्ये चढाओढ लागू लागली. तिला आवर घालण्यासाठी 1927 मध्ये संस्थांची एक समिती बसली आणि तिने सर्वांना एकच दरपत्रक सुचवले. या साध्याशा सोयीतून सुमारे सात दशकांनी कोर्टकज्जा उभा राहणार होता. कॅलिफोर्नियातील एका छोट्या महाविद्यालयाने 1940 च्या दशकात तहहयात उत्पन्न देणाऱ्या देणगी-योजना जाहिराती देऊन खपवायला सुरुवात केली, आणि त्यानंतर या कामाला विक्रीची भाषा लागली ती कायमची.

आजच्या अर्थाने हा व्यवसाय मात्र 30 डिसेंबर 1969 रोजी स्वाक्षरी झालेल्या करसुधारणा कायद्याने घडवला. त्यापूर्वी दाता आपली मालमत्ता ट्रस्टमध्ये ठेवून तिचे उत्पन्न हयातभर स्वतः घेई आणि मुद्दल मृत्यूनंतर संस्थेकडे जाई. वजावट काढताना ट्रस्टला साडेतीन टक्के उत्पन्न मिळेल असे सरकारी तक्त्यात गृहीत धरलेले असे. प्रत्यक्षात विश्वस्त जास्त उत्पन्नाचे पण जोखमीचे रोखे घेऊ शकत, त्यामुळे दात्याला भरपूर उत्पन्न मिळे, मुद्दल झिजत जाई आणि संस्थेच्या हाती शेवटी फारसे काही उरत नसे. वजावट मात्र आधीच पूर्ण घेऊन झालेली असे. 1969 च्या कायद्याने हा मार्ग बंद केला. ट्रस्टने दरवर्षी एक तर ठरावीक रक्कम द्यावी, किंवा मालमत्तेचे दरवर्षी नव्याने मूल्यांकन करून तिचा ठरावीक हिस्सा द्यावा, आणि दोन्ही प्रकारांत हे प्रमाण किमान पाच टक्के असावे, असे बंधन आले. अनेक दात्यांच्या रकमा एकत्र गुंतवणारा संस्थेचा सामायिक निधी हा तिसरा मार्ग ठेवण्यात आला. घर आणि शेत यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर या चौकटीबाहेरच्या दस्ताला वजावटच उरली नाही.

याचा परिणाम असा झाला की मृत्युपत्रातील एखादे वाक्य जुन्या धाटणीचे राहिले, तरी देणगीची संपूर्ण वजावट बुडे. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, अशा दस्तांच्या दुरुस्तीसाठी दिलेली मुदत पुनःपुन्हा वाढवत नेली आणि अखेर 1984 मध्ये दुरुस्तीची कायमस्वरूपी तरतूद केली. या पंधरा वर्षांत सर्वसाधारण वकिलाला हे काम झेपत नाही हे स्पष्ट झाले, आणि केवळ हेच जाणणाऱ्यांचा वर्ग तयार झाला. हा कायदा गुंतागुंतीचा असल्याची तक्रार या क्षेत्रात अजूनही ऐकू येते. तो सोपा असता, तर तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुसरे काम शोधावे लागले असते, हेही नमूद करायला हरकत नाही.

नावाचा घोळही याच काळातला. आधी या कामाला ‘पुढे ढकललेली देणगी’ अशा अर्थाचा शब्द होता. त्यात संस्थेची नजर दिसते, कारण पैसे कधी हातात पडतील याची चिंता संस्थेलाच असते. 1970 च्या दशकात ‘नियोजित देणगी’ हा शब्द रूढ झाला, आणि पुढे अनेकांनी त्याची उलटापालट करून ‘देणगी-नियोजन’ म्हणायला सुरुवात केली. हा फरक वरवरचा वाटतो, परंतु ‘नियोजित देणगी’त देणगी हा माल आहे आणि ‘देणगी-नियोजना’त नियोजन ही सेवा आहे. माल असेल तर तो आणून देणाऱ्याला दलाली का नको, आणि सेवा असेल तर तिचे शुल्क ती घेणाऱ्याने का देऊ नये, हे दोन्ही प्रश्न या शब्दांतच दडलेले होते. नियोजकांच्या शहरोशहरीच्या स्थानिक मंडळांनी 1988 मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्यानेही पुढे आपले नाव दोनदा बदलले.

महासंघ स्थापन झाला तोवर बाजार तापलेला होता. 1986 च्या करकायद्याने भांडवली नफ्यावरील कमाल दर 20 वरून 28 टक्क्यांवर नेला होता. वर्षानुवर्षे किंमत वाढलेले शेअर किंवा जमीन थेट विकली, तर कर जास्त बसे. तीच मालमत्ता धर्मादाय ट्रस्टमध्ये टाकून ट्रस्टने विकली, तर विक्रीच्या वेळी कर लागत नसे. विमा विक्रेत्यांनी या रचनेला आणखी एक मजला चढवला : मालमत्ता संस्थेकडे जाणार म्हणून मुलांचा वाटा कमी होतो, तर ट्रस्टकडून मिळणाऱ्या उत्पन्नातून दात्याने आयुर्विमा घ्यावा आणि विम्याची रक्कम मुलांना द्यावी. हिशेब चांगला जुळत असे, आणि विम्याच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावरील कमिशन त्याहून चांगले असे.

येथूनच तो वाद सुरू झाला. ट्रस्टची रचना करून देणाऱ्या काही प्रवर्तकांना दाता सापडलेला असे, पण शेवटचा लाभार्थी म्हणून कोणत्या संस्थेचे नाव घालायचे हे मोकळे असे. ते नाव घालण्याच्या बदल्यात संस्थेकडे टक्केवारी मागितली जाऊ लागली. व्यवसायाने यावर 1991 च्या मे महिन्यात आचारसंहितेने उत्तर दिले. देणगी मिळवून देण्याची अट म्हणून संस्थेने बाहेरच्या नियोजकाला दलाली, कमिशन किंवा तत्सम शुल्क देणे कधीही योग्य नाही, असे त्या संहितेत स्पष्ट लिहिले गेले. नियोजकाचा मोबदला वाजवी आणि केलेल्या सेवेच्या प्रमाणात असावा, दात्याने स्वतःचा स्वतंत्र सल्लागार नेमावा यासाठी त्याला उत्तेजन द्यावे, आणि देणगीचा मूळ आधार परोपकाराची इच्छा हाच असावा, हीही कलमे त्यात होती. 1999 मध्ये संहितेची सुधारित आवृत्ती निघाली, पण दलालीसंबंधीची भूमिका कायम राहिली.

कलमाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद सरळ आहे. संस्था टक्केवारी देऊ लागली की नियोजक दात्याला जास्त टक्केवारी देणाऱ्या संस्थेकडे वळवील; दात्याला हे कळण्याचा मार्ग नसेल, आणि कळले तर त्याचा विश्वास त्या एका नियोजकावरूनच नव्हे, तर सबंध व्यवसायावरून उडेल. शिवाय दात्याने ज्या कामासाठी पैसा दिला त्यातला काही भाग मध्यस्थाच्या खिशात गेला, हे धर्मादाय कायद्याच्या भावनेशीही विसंगत ठरते. संस्थांच्या पगारी कर्मचाऱ्यांना हे कलम मनापासून पटले, आणि ते पटणे त्यांना स्वस्तही होते, कारण पगार चालू असताना दलाली नाकारण्यात त्यांचे काही जात नव्हते.

विरोधकांचे म्हणणे इतक्या सहज बाजूला सारण्याजोगे नव्हते, तरी व्यवसायाच्या चर्चेत त्याला बहुधा गौण स्थान मिळत आले आहे. दात्याबरोबर अनेक महिने बसून त्याच्या कुटुंबातील गुंते सोडवायचे, कागदपत्रे जमवायची आणि शेवटी मोठी देणगी उभी करायची, हे काम फुकट होत नाही. दाता शुल्क द्यायला तयार नसेल आणि संस्थेने देणे निषिद्ध असेल, तर नियोजकापुढे विमा किंवा रोखे विकून कमिशन मिळवणे एवढाच मार्ग उरतो. कलमाचा रोख संस्थेकडून नियोजकाकडे जाणाऱ्या पैशावर होता. विमा कंपनीकडून विक्रेत्याला मिळणारे कमिशन त्याच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणजे उघडपणे घेतलेली पाच टक्के दलाली अनैतिक ठरली, आणि ट्रस्टसोबत गळ्यात मारलेल्या विम्यावरचे त्याहून मोठे कमिशन व्यवसायाचा रिवाज ठरले. ज्यांना हे कलम स्वच्छतेचे प्रतीक वाटते, त्यांनी या अर्धवटपणाकडे पुरेसे पाहिलेले दिसत नाही. दलालीबंदी योग्यच होती, पण तिने प्रश्न सोडवला असे म्हणणे कठीण आहे. तिने त्याची जागा बदलली.

आचारसंहितेत शिक्षेची फारशी सोय नव्हती. ती सोय अनपेक्षितपणे एका खटल्यामुळे झाली. 1990 च्या दशकाच्या मध्यावर टेक्सासमधील एका वृद्धेच्या देणगी-वर्षासनांवरून नातलगांच्या बाजूने दावा गुदरण्यात आला आणि त्यात सर्व संस्थांनी एकच दरपत्रक वापरणे ही स्पर्धाविरोधी संगनमताची कृती आहे, असा आरोप झाला. 1927 ची सोय अशा रीतीने आरोपपत्रात आली. दाव्याची व्याप्ती इतकी होती की देशभरातील संस्था हादरल्या आणि काँग्रेसने असामान्य घाईने दोन कायदे केले. दोहोंवर 8 डिसेंबर 1995 रोजी स्वाक्षरी झाली. एकाने सामायिक दरपत्रकाला स्पर्धाकायद्यातून सूट दिली, आणि ती सूट 1997 मध्ये आणखी रुंद करावी लागली. दुसऱ्याने धर्मादाय सामायिक निधींना रोखेविषयक कायद्यांच्या जाचातून मोकळे केले. मात्र या निधीसाठी देणग्या मागणारी व्यक्ती स्वयंसेवक असावी किंवा संस्थेच्या एकंदर निधीसंकलनाच्या कामातली असावी, आणि तिला देणग्यांच्या संख्येवर वा मूल्यावर आधारलेले कमिशन मिळता कामा नये, अशी अट त्यात आली. चार वर्षांपूर्वी जी केवळ सदाचाराची अपेक्षा होती, तिचा काही भाग असा मागच्या दाराने कायद्यात शिरला.

दशकाचा उरलेला काळ पळवाटा बुजवण्यात गेला. दोन वर्षांच्या मुदतीचा ट्रस्ट करून त्यातून दरसाल 80 टक्के काढून घेण्याच्या युक्तीवर कर विभागाने 1994 मध्ये इशारा दिला, आणि 1997 च्या कायद्याने वार्षिक रकमेवर 50 टक्क्यांची कमाल मर्यादा घालून संस्थेसाठी अपेक्षित असलेला हिस्सा ट्रस्टमध्ये ठेवलेल्या मालमत्तेच्या किमान 10 टक्के असण्याचे बंधन घातले. संस्थेला देणगी द्यायची, तिची वजावट घ्यायची आणि संस्थेने त्याच पैशातून दात्याच्या कुटुंबाच्या फायद्याच्या विम्याचे हप्ते भरायचे, ही योजना डिसेंबर 1999 मध्ये कायद्याने बंद झाली. दोन्ही युक्त्या विकणाऱ्यांना संस्थेकडून दलाली घेण्याची गरज पडत नव्हती, हे वरील वादाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यानंतरच्या काळात पायाच सरकत गेला. मृताच्या मालमत्तेवरील कराची सूट 1987 मध्ये 6 लाख डॉलर होती. ती 2011 मध्ये 50 लाख झाली, 2018 मध्ये 1 कोटी 10 लाखांपलीकडे गेली आणि 2025 च्या कायद्यानुसार 2026 पासून माणशी 1 कोटी 50 लाख डॉलर झाली. त्यामुळे हा कर अत्यंत श्रीमंत थोड्या कुटुंबांपुरता उरला. दुसरीकडे वृद्ध दात्यांना निवृत्ती-खात्यातून थेट संस्थेला रक्कम देण्याची मुभा 2006 मध्ये मिळाली, ती 2015 मध्ये कायम झाली आणि 2022 च्या कायद्याने त्यातून एकदाच 50,000 डॉलरपर्यंतची रक्कम देणगी-वर्षासनात टाकण्याची वाट खुली केली. इतक्या साध्या व्यवहाराला तज्ज्ञ लागतोच असे नाही. मृत्युपत्रातील साधे एक कलम हाच आजही या क्षेत्रातील सर्वाधिक प्रचलित मार्ग आहे, आणि देशातील एकूण देणग्यांपैकी साधारण आठ-नऊ टक्के रक्कम मृत्युपत्रांतून येते.

नियोजकांचे लक्ष मधल्या काळात दात्याच्या सल्ल्याने चालणाऱ्या निधींकडे वळले आहे. या रचनेत दाता रक्कम निधीत टाकून वजावट लगेच घेतो आणि ती कोणत्या संस्थांना वाटावी हे सवडीने सुचवत राहतो. ही कल्पना 1930 च्या दशकातील आहे, पण बॉस्टनच्या एका मोठ्या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने 1991 मध्ये, म्हणजे आचारसंहिता ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, असा निधी सुरू झाला आणि तिचा प्रसार वाढला. कायद्यात तिची व्याख्या 2006 मध्ये आली. यांपैकी काही निधींमध्ये दात्याचा गुंतवणूक सल्लागार देणगी दिल्यानंतरही त्याच रकमेचे व्यवस्थापन करू शकतो आणि तिच्यावर वार्षिक शुल्क घेत राहू शकतो. पैसा निधीतच पडून राहिला तर शुल्क चालू राहते, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेकडे गेला की थांबते. हे शुल्क देणगी आणून देण्याची अट म्हणून घेतलेले नसल्यामुळे 1991 चे कलम त्याला लागू पडत नाही.