फोम टाकला की लादी कशीही चालते? अजिबात नाही

"लॅमिनेटखाली (म्हणजे लादीवर टाकतात त्या लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांखाली) फोम टाकतोच ना, मग लादी वरखाली असली तर काय बिघडतं" असं मुंबईत बरेच मिस्त्री बिनधास्त सांगतात आणि आपण पण मान डोलावतो. अहो तो फोम जेमतेम २-३ मिमीचा, आवाज कमी करायला, खड्डा भरायला नाही! खोलगट जागी पाय पडला की फळी दबते, सांध्याचं लॉक (फळ्या एकमेकींत अडकवणारी खाच) हलत राहतं, आधी कर्र कर्र आणि मग एक दिवस लॉकच तुटतं.

आमच्या दादरच्या घरात जुन्या मोझॅकवर २ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली तर मधे खालून पेन्सिल आरपार गेली, म्हणजे बघा. साधारण २ मीटरमधे ३ मिमीच्या वर फरक नको. उंचवटा घासायचा, खोलगट भाग प्रायमर मारून सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने (ओतलं की आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) भरायचा, पण त्याआधी नाण्याने लादी ठोकून बघा, पोकळ वाजली तर ती उखडूनच परत बसवा.

आणि तळमजला असेल तर लादीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. प्लास्टिकखाली घाम, म्हणजे जमिनीतली ओल, दिसला तर काम थांबवा, नाहीतर फळ्यांच्या कडा फुगणारच.