पडद्याला उलटून बोलणारे प्रेक्षक

सुपरहीरोचा नवा सिनेमा आला की पहिल्या खेळापासून शेरेबाजी सुरू होते. ‘चष्मा घातला की याला कुणी ओळखत कसं नाही?’, ‘अंतराळात हवा नाही, मग स्फोटाचा आवाज कुठून आला?’ ही गंमत सोशल मीडियाने आणली असं वाटतं, पण तिची मुळं बरीच मागे जातात. या सिनेमांकडे पाहून नाकं मुरडणाऱ्यांचा तिच्यात फारसा वाटा नाही. ती वाढवली तेच सिनेमे पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांनी.

चालू सिनेमावर बोलणं तर एके काळी रीतसर व्यवसाय होता. मूकपटांच्या काळात जपानमध्ये ‘बेन्शी’ पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगत, पात्रांचे संवाद म्हणत, आणि लोक त्यांच्या नावावर तिकिटं काढत. बोलपट आले आणि प्रेक्षकाने गप्प बसायचं असा शिरस्ता पडला. तो मोडला रात्रीच्या खेळांनी. 1975 मध्ये ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा विज्ञानपटांची आणि भयपटांची फिरकी घेणारा संगीतपट साफ पडला. 1976 च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरमध्ये तो मध्यरात्री लागू लागला. तीच माणसं पुन्हा येऊ लागली आणि दोन संवादांमधल्या मोकळ्या जागेत पडद्याला उत्तरं देऊ लागली. हळूहळू ती उत्तरंही ठरून गेली. पडद्यावर लग्न लागलं की प्रेक्षागृहात तांदूळ उधळले जाऊ लागले.

या हुन्नराला घाट मिळाला तो टीव्हीवर. 24 नोव्हेंबर 1988 रोजी मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसनचा ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ सुरू झाला. कल्पना अशी की उपग्रहात अडकलेल्या एका माणसाला टुकार सिनेमे बघायची शिक्षा झाली आहे आणि सोबतीला त्याने स्वतः बनवलेले यंत्रमानव आहेत. पडद्याच्या तळाशी खुर्च्यांच्या रांगेची काळी आकृती, त्यात या तिघांची डोकी, आणि वर चाललेला एखादा जुना, स्वस्तातला विज्ञानपट. सुरुवातीच्या भागांत शेरे बरेचसे उत्स्फूर्त असत. पुढे लेखकांचा चमू सिनेमा आधी बघून, थांबवत थांबवत, ते लिहून काढू लागला. खरी कारागिरी इथे दिसते. शेरा दोन वाक्यांच्या फटीत बसला पाहिजे, मूळ संवाद बुडता कामा नये, आणि आधीचं हसू ओसरायच्या आत पुढचा शेरा येऊनही चालत नाही. मोठ्याने बोलत सुटणारा प्रेक्षक आणि चांगला शेरा मारणारा प्रेक्षक यांच्यात एवढाच फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

दुसरा प्रवाह कॉमिक्समधून आला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. 1960 च्या दशकात मार्व्हलच्या वाचकांची पत्रं चुका दाखवू लागली. संपादक स्टॅन ली यांनी त्यासाठी ‘नो-प्राइझ’ जाहीर केलं, म्हणजे बक्षीस म्हणून काहीच नाही. मग खरोखरच पाकिटं जाऊ लागली. वर अभिनंदन छापलेलं, आत काही नाही. पुढे त्यात एक सुरेख अट आली: नुसती चूक दाखवून भागणार नाही, ती चूक का नाही हे पटवून द्यायचं. एका अटीने टीकाकाराचा सहलेखक झाला.

ही सवय चाहत्यांच्या अंगात मुरली. ‘स्टार वॉर्स’मध्ये (1977) हान सोलो आपल्या यानाच्या वेगाची फुशारकी मारताना बारा पार्सेकचा हवाला देतो. पार्सेक हे अंतराचं माप, साधारण 3.26 प्रकाशवर्षं. चाहते खूप हसले आणि मग स्पष्टीकरणाला लागले: त्याने धोकादायक पण जवळची वाट काढली असणार. 2018 च्या ‘सोलो’त पडद्यावर नेमकं तेच घडतं.

विज्ञानाच्या शिक्षकांनाही यात खजिना सापडला. 1973 च्या एका कॉमिक अंकात पुलावरून खाली पडणाऱ्या आपल्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, स्पायडरमॅन जाळ्याने पकडतो, तरीही ती दगावते. तिच्या मानेजवळ ‘स्नॅप’ एवढा एकच छोटा शब्द छापलेला होता. मिनेसोटा विद्यापीठाचे जेम्स काकालिओस यांनी याच प्रसंगावरून संवेग शिकवला. घात पडण्याने होत नाही, क्षणार्धात थांबण्याने होतो. मोटारीतल्या एअरबॅगचं तत्त्व यापेक्षा चांगलं समजावून देता येईल असं मला वाटत नाही.

2012 नंतर यूट्यूबवर चुका मोजणाऱ्या व्हिडिओंची लाट आली. दर चुकीला घंटा आणि शेवटी एकूण आकडा. मला हा प्रकार या परंपरेत सर्वांत पातळ वाटतो, कारण मोजणाऱ्याला पुढे काही सुचवावं लागत नाही. त्या मानाने खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसन यांनी 2013 मध्ये ‘ग्रॅव्हिटी’ या अंतराळातल्या सिनेमावर केलेली ट्वीट्स पाहा. वजनरहित अवस्थेत नायिकेचे केस तरंगत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. सिनेमा आपल्याला खूप आवडला, हेही त्यांनी नंतर आवर्जून लिहिलं.

काही शेरे तर थेट कथेत जाऊन बसले. मारामारीत पाडलेल्या इमारतींचा ढिगारा कोण उपसतं, या प्रश्नावर ड्वेन मॅकडफी आणि एर्नी कोलोन यांनी ‘डॅमेज कंट्रोल’ नावाची अख्खी कंपनी रचली आणि 1989 मध्ये तिची स्वतंत्र कॉमिक मालिका निघाली. 2017 च्या ‘स्पायडरमॅन: होमकमिंग’मध्ये याच नावाचं सरकारी खातं येऊन ढिगारा उपसण्याचं कंत्राट एका ठेकेदाराच्या हातून काढून घेतं, आणि धंदा बुडालेला तो ठेकेदार त्या सिनेमाचा खलनायक होतो.