करवंदाचं कुंपण

श्रावणाच्या सुमारास ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागातल्या भाजीबाजारात गुलाबी-पांढऱ्या करौंद्यांचे ढीग लागतात. इथल्या मराठी घरांतून त्यांचं लोणचं होतं, हिरव्या मिरच्यांबरोबर परतून आंबट-तिखट भाजी होते. पुण्या-कोकणाकडून आलेला पाहुणा मात्र ताटात बघून हमखास विचारतो, ‘ही कसली करवंदं?’ त्याचंही खरं आहे. त्याच्या ओळखीची डोंगरची काळी मैना चैत्र-वैशाखात पिकते, पळसाच्या द्रोणातून विकली जाते आणि पावसाचे चार थेंब पडले की संपते. इकडचं फळ पावसाळ्यात धरतं, आकारानं मोठं असतं आणि आंबटपणात चिंचेला हार जात नाही.

नातं मात्र अगदी जवळचं. बागेतल्या करौंद्याला वनस्पतिशास्त्रात कॅरिसा कॅरँडस म्हणतात. लिनियसनं हे नाव १७६७ साली दिलं. सह्याद्रीतलं करवंद काही अभ्यासक याच जातीत घालतात, काही वेगळं काढतात. शिवपुरी-कुनोच्या रानात करधई, खैर आणि सलईच्या खाली वाढणारी बुटकी, बारीक फळांची जाळी ही मात्र कॅरिसा स्पायनारम ही वेगळी जात. सगळी कण्हेराच्या कुळातली, म्हणून फांदी मोडली की पांढरा चीक येतो. चीक आणि काटे यांमुळे गुरं-शेळ्या या झुडपाच्या वाटेला फारशा जात नाहीत. पाखरं फळं खातात आणि बी दूरवर टाकतात. चराईनं उजाड झालेल्या रानातही करवंदाच्या जाळ्या टिकून राहतात त्या यामुळेच.

फळ खाण्याचा इतिहास जुना आहे. चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा एक गण दिला आहे. त्यात आंबा, बोर, डाळिंब, महाळुंग यांच्या पंगतीला करमर्द, म्हणजे आपलं करवंद, बसलं आहे. पण मुद्दाम लावायचं झाड म्हणून करवंदाकडे पाहिलं गेलं ते मुख्यतः कुंपणासाठी. फळ हा वरचा फायदा. आणि कुंपणाचीच गोष्ट निघाली, तर देशातलं सगळ्यात मोठं कुंपण ग्वाल्हेरच्या उंबरठ्यावरूनच गेलं होतं.

एकोणिसाव्या शतकात बंगाल इलाख्यात मिठावर जबर कर होता. राजपुतान्यातलं सांभरचं मीठ त्या मानानं स्वस्त. ते ग्वाल्हेरसारख्या संस्थानांतून चोरवाटांनी इंग्रजी मुलखात उतरू नये म्हणून कंपनी सरकारनं, आणि पुढे ब्रिटिश सरकारनं, चौक्यांची एक लांबलचक रेषा आखली. सिंधू नदीपासून निघून आग्रा, झाशी, होशंगाबाद करत ती पार महानदीच्या बाजूला जात होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि पहाऱ्यावर जवळपास १२,००० माणसं. इंग्रजी मुलखातून बाहेर जाणाऱ्या साखरेवरही तिथेच जकात बसे.

आधी हे कुंपण वाळक्या काट्यांचं होतं. मैलभर कुंपणाला शेकडो टन काटेरी फांद्या लागत. त्या वाळवी खाई, वणवा जाळी, वादळ उडवून नेई. १८६७ साली अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या जकात खात्याचे कमिशनर झाले. हेच ते पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम. भिंडपलीकडच्या इटाव्यात त्यांनी कलेक्टरी केली होती, त्यामुळे चंबळेकडची जमीन त्यांच्या पायाखालची. दर वर्षी काटे तोडून रचण्यापेक्षा काटे लावून वाढवावेत, हा त्यांचा हिशोब. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि थोर, जी माती जे धरील ते लावायचं. जिथे जमीन फारच वाईट तिथे चर खणून, चांगली माती आणून बांध घातले. कुंपण नीट धरलं तिथे ते दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड झालं. गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी केवढी ही बागाईत!

रेषा मोडली ती मिठाच्या मुळाशी हात घातल्यावर. सांभर सरोवर १८६९-७० मध्ये जयपूर-जोधपूरकडून भाडेपट्ट्यानं घेतलं गेलं, मग इतर संस्थानांशी मिठाचे करार झाले आणि १८७९ साली आतली जकात रेषा उठली. कर राहिला, कुंपण गेलं. बहुतेक ठिकाणी लोकांनी जळण नेलं, नांगर फिरवला. इटावा जिल्ह्यात चंबळेजवळ त्या बांधाचा एक तुकडा विसाव्या शतकाच्या अखेरीस एका ब्रिटिश शोधकाला सापडला.

बांधावरून वाफ्यात यायला करवंदाला आणखी बराच काळ लागला. पंतनगरच्या कृषी विद्यापीठानं पंत मनोहर, पंत सुवर्णा, पंत सुदर्शन हे वाण काढले, दापोलीनं कोकण बोल्ड दिला. लागवड अवघड नाही. ताज्या बियांची रोपं करायची, कारण बी साठवलं की उगवण घटते. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर, बागेसाठी त्याच्या कितीतरी मोकळं लावायचं. पहिली दोन वर्षं पाणी दिलं की पुढे झाड स्वतःचं स्वतः बघतं. खडकाळ, थोडी खारवट जमीनही त्याला चालते. चंबळच्या घळईकाठच्या शेतकऱ्याला यापेक्षा सोशिक फळझाड शोधून सापडणार नाही, असं माझं मत.

मागणी कुठून येते, हे मात्र गमतीदार आहे. बेकरीतल्या केकवर आणि पानाच्या विड्यावर टोचलेली लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा करौंदाच असतो. बिया काढून, मिठाच्या पाण्यात मुरवून, रंग देऊन तो साखरेच्या पाकात घातलेला असतो. फळात पेक्टिन भरपूर, म्हणून जेलीही झकास जमते. लोणच्याला कच्ची, टणक फळं लागतात, जेलीला अर्धवट रंग चढलेली. त्यामुळे एकाच झाडावर दोन-तीनदा हात घालावा लागतो. काटे आणि चीक सांभाळत होणारी ही तोडणी अजून हातानंच चालते आणि लागवडीतला सगळ्यात मोठा खर्चही तोच.