ॲट्रिब्यूट-जुळणी व गाळणी (एक्सएसएलटी)

ॲट्रिब्यूट-जुळणी व गाळणी : एक्सएमएल (मजकुराला खुणा लावून रचना देणारी भाषा) दस्तऐवजाचे एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेतील स्टाइलशीटच्या (नियमांच्या संचाच्या) साह्याने रूपांतर करताना एलिमेंटला (खुणांनी बांधलेल्या घटकाला) जोडलेले ॲट्रिब्यूट (गुणधर्म) ओळखणे आणि त्यांनुसार काय पुढे न्यायचे, काय वगळायचे हे ठरवण्याची पद्धत. या नोंदीत एक्सएसएलटीच्या आज्ञा देवनागरीत उतरवल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. एलिमेंट आणि ॲट्रिब्यूट यांची नावे मात्र खरोखर देवनागरीत ठेवता येतात.

एक्सएमएलची १.० आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. एक्सएसएलटी १.० आणि तिला लागणारी एक्सपाथ ही निवड-भाषा नोव्हेंबर १९९९ मध्ये एकत्रच आल्या. ‘नमुना जुळला की नियम लागू’ ही कल्पना कोठून आली याबद्दल एकवाक्यता नाही. ‘स्टाइलशीट’ या नावामुळे तिचे मूळ सीएसएस या वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या भाषेत शोधण्याकडे कल दिसतो. पण एक्सएमएलची पूर्वज असलेल्या एसजीएमएलसाठीच्या डीएसएसएसएल या १९९६ च्या आयएसओ प्रमाणाशी तिचे नाते अधिक जवळचे वाटते. एक्सएसएलटी १.० चे संपादक जेम्स क्लार्क यांनीच त्याआधी डीएसएसएसएल चालवणारी ‘जेड’ ही प्रणाली लिहिली होती.

नवशिक्यांचा घोळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. एक्सपाथच्या प्रतिमानात एलिमेंट हा ॲट्रिब्यूटचा पालक असतो, पण ॲट्रिब्यूट त्याचे अपत्य नसते. हे नाते एकतर्फी आहे आणि व्यवहारातल्या नात्यांशी त्याचा मेळ बसत नाही. <पुस्तक भाषा="मराठी" किंमत="२५०" टीप="तपासणे बाकी"> असा एलिमेंट घेतला, तर ‘नोड()’ म्हणजे ‘अपत्य असलेला कोणताही नोड (दस्तऐवजाच्या वृक्षातील घटक)’ असा अर्थ होतो आणि त्यात भाषा, किंमत, टीप यांतले काहीच येत नाही. त्यांच्यासाठी ‘@*’ (सर्व ॲट्रिब्यूट) वेगळे मागावे लागते. ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ या नियम लावण्याच्या आज्ञेला काही निवडून दिले नाही, तर ती आज्ञा फक्त अपत्यांकडे वळते. म्हणून ॲट्रिब्यूट आपोआप गळतात, आणि नियम लिहूनही तो का चालत नाही हे कळत नाही. याउलट ॲट्रिब्यूट निवडले पण त्यांच्यासाठी नियमच लिहिला नाही, तर अंगभूत नियम त्यांचे मूल्य साधा मजकूर म्हणून उतरवतो. वरच्या पुस्तकातून ‘मराठी२५०तपासणे बाकी’ अशी सलग ओळ बाहेर पडते ती यामुळेच.

यावरचा उपाय एक्सएसएलटी १.० च्या शिफारशीतच दिलेला आहे. त्याला आयडेंटिटी टेम्प्लेट (टेम्प्लेट म्हणजे वर म्हटलेला नियम) म्हणतात : ‘@*|नोड()’ला जुळणारा, जुळलेल्या नोडाची उथळ प्रत (ॲट्रिब्यूट व अपत्ये सोडून) काढून पुन्हा ‘@*|नोड()’ला नियम लावणारा एकच टेम्प्लेट. एकटा असताना तो दस्तऐवज होता तसा परत देतो. गाळणी त्याच्या शेजारी बसते : ‘@टीप’ला जुळणारा रिकामा टेम्प्लेट लिहिला की टीप नाहीशी होते, बाकीचे जागेवर राहते. लिहिताना ‘नोड()|@*’ असा उलटा क्रम लावला तरी बिघडत नाही, कारण निवडलेले नोड दस्तऐवजातील क्रमाने येतात आणि त्या क्रमात ॲट्रिब्यूट अपत्यांच्या आधी असतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आउटपुटमधील एलिमेंटमध्ये मजकूर किंवा उपएलिमेंट घातल्यावर ॲट्रिब्यूट जोडणे ही चूक ठरते. ॲट्रिब्यूटांचा आपापसांतील क्रम मात्र प्रोसेसरवर (स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रणालीवर) सोडलेला आहे. त्यावर विसंबू नये.

रिकामा टेम्प्लेट जिंकतो तो अग्रक्रमामुळे. ‘@*’चा मूळ अग्रक्रम उणे ०.५, ‘@टीप’सारख्या नेमक्या नावाचा ०, तर चौकटी कंसातील अट किंवा ‘पुस्तक/@टीप’ असा मार्ग असल्यास ०.५. शेवटच्या दोहोंत बरोबरी होते. अशा वेळी १.० मध्ये प्रोसेसर चूक दाखवू शकतो किंवा स्टाइलशीटमध्ये शेवटी आलेला नियम घेतो. अग्रक्रम स्वतः लिहून टाकणे बरे.

अट लिहिताना ‘!=’ जपून वापरावे. ‘पुस्तक[@भाषा != 'मराठी']’ या निवडीत भाषा न नोंदवलेली पुस्तके येत नाहीत, कारण तुलना करायला ॲट्रिब्यूटच नसतो. ‘पुस्तक[नॉट(@भाषा = 'मराठी')]’ लिहिल्यास तीही येतात. दोन्ही वाक्यांचे मराठी भाषांतर ‘मराठी नसलेली पुस्तके’ असेच होते, हीच अडचण.

उपसर्ग नसलेल्या ॲट्रिब्यूटला डीफॉल्ट नेमस्पेस (नावांची गल्लत टाळणारा नावांचा गट) लागू होत नाही. नेमस्पेसची घोषणा ॲट्रिब्यूटसारखी दिसली तरी ‘@*’मध्ये मोजली जात नाही, त्यामुळे तिला या मार्गाने गाळता येत नाही.

मायकेल के यांनी संपादित केलेल्या २.० आवृत्तीबरोबर (२००७) ‘@* एक्सेप्ट @टीप’ अशी सरळ वजाबाकी आली. ३.० मध्ये (२०१७) नियम न सापडल्यास उथळ प्रत काढावी असे मोडवरच (नियमांच्या गटावरच) नोंदवता येते, म्हणजे आयडेंटिटी टेम्प्लेट लिहिण्याची गरज उरत नाही. ‘एक्सएसएलटीप्रॉक’ हे पुष्कळांच्या हाताशी असलेले साधन १.० वरच आहे. सॅक्सन या प्रोसेसरमध्ये नव्या आवृत्त्या चालतात.

मराठी मजकुरासाठी दोन गोष्टी उपयोगी आहेत. ‘एक्सएमएल:लँग’ या भाषा नोंदवणाऱ्या ॲट्रिब्यूटची थेट तुलना करण्यापेक्षा ‘लँग()’ हे फंक्शन वापरावे. ते पूर्वज एलिमेंटवर नोंदवलेली भाषाही धरते आणि मराठीच्या संकेतापुढे भारताचा संकेत जोडलेला असला तरी जुळते. दुसरी गोष्ट अंकांची. एक्सपाथ १.० ला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. किंमत="२५०" हे मूल्य त्याच्या लेखी संख्याच नसते, आणि ‘दोनशेहून महाग पुस्तके गाळा’ हा नियम कोणतीही तक्रार न करता ते पुस्तक राहू देतो. तुलनेपूर्वी ‘ट्रान्सलेट()’ने ‘०१२३४५६७८९’ या दहा अंकांच्या जागी त्यांचे इंग्रजी अंक बसवले की नियम अपेक्षेप्रमाणे चालतो. मूळ ॲट्रिब्यूट देवनागरीतच राहतो.