गाऱ्हाणे (गोवा)

देवापुढे उभे राहून आपली अडचण मोकळेपणी सांगणे आणि तिचा भार त्याच्यावर टाकणे याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. गोव्यात ते ग्रामदेवतेपुढे घालतात, तसेच कुलदेवतेपुढेही. १६व्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलात साष्टीतली देवळे पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे देव फोंडा भागात नेले गेले, म्हणून लांबचे कुळावी, म्हणजे त्यांना कुलदेवता मानणाऱ्या घराण्यांतले लोक, आजही मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथे गाऱ्हाण्यासाठी येतात.

साहित्य थोडेच लागते: नारळ, पानविडा, फुले. नाव, गोत्र, गाव आणि अडचण यजमानाने आधी पुजाऱ्याला सांगायची. तो देवाचे नाव घेऊन ती बोलतो, कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतो आणि मग मागणे मांडतो. पेडण्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक टप्प्यावर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दुखणे, कर्ज, भावाभावांतला तंटा, सगळे चारचौघांत मोठ्याने बोलले जाते. हे अवघड असते, आणि विधीचा गाभाही हाच आहे. लाजेपोटी ‘सगळे बरे कर’ एवढेच सांगितले, तर पुजाऱ्याजवळ बोलायला काही उरत नाही. शरणागतीच्या सहा अंगांत कार्पण्य, म्हणजे आपली असहायता कबूल करणे, हे एक अंग आहे. गाऱ्हाण्यात ते प्रत्यक्ष उतरते.

कौल, म्हणजे देवाकडून होकार किंवा नकार मागणे, ही त्यापुढची, वेगळी पायरी. ओल्या केलेल्या पाकळ्या किंवा कळ्या मूर्तीवर ठरलेल्या जागी लावतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. जागा आणि फुले देवळागणिक वेगळी. पाणी कमी पडले तर पाकळी टिकत नाही, जास्त झाले तर घसरते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. दोन गोष्टी एकत्र विचारल्या की कौल कशाला मिळाला ते कळत नाही. मनासारखा कौल आला नाही म्हणून तोच प्रश्न पुन्हापुन्हा लावणे गैर मानतात.

नवस आणि गाऱ्हाणे यांत गल्लत होते. नवसाला अट असते, काम झाले की तो फेडावा लागतो. निखळ गाऱ्हाण्यात देण्याघेण्याचा करार नसतो. गीतेने (७.१६) सांगितलेल्या चार भक्तांपैकी गाऱ्हाणे घालणारा हा आर्त, म्हणजे संकटात सापडून देवाकडे आलेला. नारदभक्तिसूत्रांतले निरपेक्ष प्रेम, देवाच्या सुखातच सुख मानणारे, त्याहून वरचे धरले जाते. पण संकटात आलेल्या माणसाला गोव्यातले देऊळ त्यासाठी कमी लेखत नाही. डावा कौल मिळालेला कुळावीही पुढच्या जत्रेला ओटी घेऊन येतो, आणि त्या वेळी काही मागतोच असे नाही.