लवंगेचा वास गव्हाचा नव्हे, यीस्टचा

गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो गव्हामुळे, असं बिअरचे जाणकार म्हणवणारेही ठासून सांगतात. हा समज खोडायला अमेरिकी पद्धतीची गव्हाची बिअर पुरेशी आहे. हेफेवाइझेन या जर्मनीतल्या गढूळ गव्हाच्या बिअरसारखाच तिच्यातही जवळपास निम्मा गहू असतो, पण लवंगेचा मागमूस नसतो. 1986 साली ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या विडमर बंधूंनी अशी गढूळ बिअर विकायला काढली तेव्हा त्यांनी दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचं, गव्हाच्या बिअरचं खास यीस्ट वापरलंच नव्हतं. त्यांनी वापरलं ते आल्टबिअर या दुसऱ्या जर्मन बिअरचं, साध्या चवीचं यीस्ट.

अमेरिकेत 1978 च्या कायद्यामुळे घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली आणि पुढे अशी बिअर घरीही होऊ लागली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय ती बनवणं गुन्हा आहे. तेव्हा इथल्या वाचकांनी पुढचं सगळं रसायनशास्त्र म्हणूनच वाचावं.

19 लिटरसाठी साधारण सव्वादोन किलो गव्हाचा मॉल्ट आणि दोन किलो बार्लीचा मॉल्ट लागतो. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. ते भरडून 66 अंशांच्या आसपास तासभर गरम पाण्यात ठेवलं, की धान्यातलीच अमायलेज विकरं (एन्झाइम्स) स्टार्चची साखर करतात. इथे गहू त्रास देतो. बार्लीच्या दाण्याला टरफल असतं, त्यामुळे भरड मोकळी राहते आणि तिच्यातून गोड पाणी झिरपतं. गव्हाला टरफल नाही. त्याचा चिकट लगदा बसतो, तोटीतून येणारी धार बारीक होत होत थांबते. म्हणून भरडीत मूठ-दोन मुठी साळीची तुसं मिसळतात. मग पाणी गाळून, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं आणि 18 ते 20 अंशांपर्यंत निववून यीस्ट घालायचं; तेच साखर आंबवून बिअर करतं.

आता खरी गंमत. धान्याच्या पेशीभित्तिकांमध्ये फेरुलिक आम्ल असतं. आपल्या पोळीच्या गव्हातही ते आहे. 1866 मध्ये ते प्रथम वेगळं केलं गेलं ते हिंगातून! हे आम्ल यीस्टला अपायकारक असतं, म्हणून यीस्ट त्याचा कार्बॉक्सिल गट तोडून टाकतं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं 4-व्हिनाइल ग्वायकॉल. लवंगेला वास देणाऱ्या युजेनॉलचा हा सख्खा भाऊ, फक्त शेपटीत एक कार्बन कमी. लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी असला तरी तो नाकाला जाणवतो.

ही तोड एफडीसी1 या जनुकापासून बनणारं विकर करतं. पण ते एकट्याने काही करू शकत नाही. पॅड1 नावाचं दुसरं विकर आधी फ्लेविन या पदार्थाच्या रेणूला पाच कार्बनांचा तुकडा जोडून एक सहविकर, म्हणजे विकराचा मदतनीस रेणू, घडवतं. ते एफडीसी1 मध्ये जाऊन बसलं, की मगच तोड होते. म्हणजे दोनांपैकी एक जनुक जरी बिघडलं तरी लवंग गेली. आणि नेमकं तेच झालंय. 2016 मध्ये बिअरच्या यीस्टचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचले गेले तेव्हा अनेक वाणांत ही जनुकं निकामी झालेली आढळली, तीही निरनिराळ्या ठिकाणच्या उत्परिवर्तनांनी (जनुकातल्या बदलांनी). हा वास नको असलेल्या माणसांनी, जनुक म्हणजे काय हे ठाऊक नसताना, पिढ्यानपिढ्या चांगल्या पिंपातलंच यीस्ट पुढच्या पिंपात घातलं. निवड अशी झाली. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरवाल्यांना वास हवा होता, म्हणून त्यांच्या यीस्टमध्ये जनुकं शाबूत राहिली. केळ्याचा वास मात्र आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरचा, म्हणजे फळांसारखा वास देणाऱ्या संयुगाचा. त्याची वाट वेगळी आहे, पण तोही यीस्टच बनवतं.

बिअरबद्दलचा आणखी एक समज तर घराघरांत आहे: तिने मुतखडा विरघळून बाहेर पडतो. बिअरमध्ये खडा विरघळवणारं काहीही नाही. उलट तिच्यामुळे रक्तातलं युरिक आम्ल वाढतं. मुतखड्यासाठी पाणी प्या आणि डॉक्टरांकडे जा. ‘गव्हाची आहे म्हणून पौष्टिक’ हीही निव्वळ जाहिरातबाजी, आणि ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) न चालणाऱ्यांना तर ही बिअर अपायकारकच.

आंबवण चालू असताना अमेरिकी यीस्टच्या भांड्यातून लवंगेचा वास आला, तर दोष गव्हाला देऊ नये. बहुतेक रानटी यीस्टमध्ये ती दोन्ही जनुकं धडधाकट असतात, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या नळीतून किंवा झाकणाच्या खाचेतून ते आत शिरलेलं असण्याचीच शक्यता जास्त.