फॉल फेस्टिवलची ही टूम नक्की काढली कोणी?

अमेरिकेतल्या छोट्या गावांमधे सप्टेंबर सरत आला, फॉल म्हणजे पानगळीचा मोसम लागला की सगळीकडे एकसारखंच चित्र दिसतं. मेन स्ट्रीटवर दिव्याच्या खांबांना मक्याची ताटं बांधलेली, दुकानांच्या पायऱ्यांवर भोपळे, फायर स्टेशनच्या आवारात पॅनकेक ब्रेकफास्ट, आणि गावाबाहेर कुठल्यातरी शेतात कॉर्न मेझ, म्हणजे उभ्या मक्यात वाटा कापून केलेला भुलभुलैया. बघणाऱ्याला वाटतं हे सगळं बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं असणार. पण खोलात गेलं तर यातल्या बऱ्याच गोष्टी कोणीतरी एका माणसाने, एका ठराविक वर्षी, काहीतरी अडचण होती किंवा काहीतरी खपवायचं होतं म्हणून सुरू केलेल्या निघतात, आणि मला तर तेच जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

खरोखर जुनं काय ते इंग्लंडमधलं. तिथे २९ सप्टेंबर म्हणजे मायकेलमस हा ख्रिस्ती सण, तोवर पीक घरात आलेलं असायचं, त्यामुळे जमिनीचा खंड भरायचा आणि सालगडी ठरवायचा हाच दिवस. कामाच्या शोधात आलेले लोक बाजारात ओळीने उभे राहायचे आणि काय काम येतं ते हातातल्या वस्तूवरून कळायचं, मेंढपाळाकडे लोकरीचा झुबका, मोलकरणीकडे पुसायचा मॉप, म्हणून त्याला नावच पडलं मॉप फेअर. नॉटिंगहॅमची गूज फेअर पण याच मोसमातली, तिथे विकायला लिंकनशरहून हंस चालवत आणायचे आणि वाटेत पाय फुटू नयेत म्हणून त्यांना डांबर आणि वाळूतून काढायचे असं सांगतात. १७५२ मधे इंग्लंडने कॅलेंडर बदललं, ११ दिवस गायब झाले आणि ही जत्रा सप्टेंबरातून सरळ ऑक्टोबरात गेली.

बाय द वे, चर्चमधे भाज्या आणि धान्य मांडून करतात तो हार्वेस्ट फेस्टिवल, जो सगळ्यात प्राचीन वाटतो, तो आज ज्या रूपात दिसतो तो १८४३ मधे कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो गावच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या पाद्र्याने सुरू केला. म्हणजे अमेरिकेतल्या काउंटी फेअरपेक्षाही, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या शेती-जनावरांच्या जत्रेपेक्षाही, तो नवीन.

काउंटी फेअरचा किस्सा तर भारीच आहे. एल्काना वॉटसन हा मुळात व्यापारी माणूस, बँका आणि कालवे यांच्या मागे असलेला, आणि पन्नाशीच्या आसपास त्याला शेतीचं वेड लागलं. मॅसॅच्युसेट्समधे पिट्सफील्डला त्याने शेत घेतलं, मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या आणल्या आणि १८०७ मधे गावच्या चौकात एल्मच्या झाडाखाली नेऊन उभ्या केल्या. बस, एवढंच प्रदर्शन! पण ती मऊ लोकर हाताने चाचपून बघायला लोक जमले आणि त्याच्या डोक्यात आलं की दोन मेंढ्यांना एवढे लोक येतात तर गावातली सगळीच जनावरं आणली तर काय होईल. १८१० मधे कॅटल शो झाला, पुढच्या वर्षी बर्कशर अॅग्रिकल्चरल सोसायटी रजिस्टर झाली आणि मिरवणूक निघाली, त्यात एकाच नांगराला लांबच लांब बैलांची रांग जुंपलेली आणि नांगर धरायला जिल्ह्यातली सगळ्यात म्हातारी दोन माणसं.

तरी बायका येईनात. १८१३ च्या सुमारास घरी विणलेल्या कापडाला बक्षिसं लावली, ब्रिटनशी युद्ध चालू असल्यामुळे देशी कापडाला तेव्हा भाव होता, पण कापड मांडलेल्या हॉलमधे चारचौघांत जायचं कसं म्हणून एकही बाई पुढे येईना. शेवटी वॉटसनने स्वतःच्या बायकोला नेऊन हॉलमधे बसवलं आणि बाकीच्या घरी निरोप धाडले की बाई तुमची वाट बघत बसल्यात. मग आल्या सगळ्या. आज फेअरमधे पाय (सारण भरून भाजतात तो गोड पदार्थ) आणि गोधड्यांच्या स्पर्धेला जी गर्दी असते तिची सुरुवात ही अशी.

भोपळ्याची एंट्री उशिरा झाली. १९०३ मधे ओहायोतल्या सर्कलव्हिलच्या मेयरने, जॉर्ज हॅसवेलने, आपल्या ऑफिससमोर मक्याचा कडबा आणि कोरलेले भोपळे मांडले. (हे गाव आधी खरंच गोल आखलेलं होतं, नंतर लोकांना अडचण व्हायला लागली म्हणून चौकोनी करून घेतलं, पण नाव तेवढं राहिलं.) आजूबाजूचे लोक सामील झाले, १९०५ मधे गोल फिरणारे लाकडी घोडे आले आणि झाला पम्पकिन शो. पुढे कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे गावाने १९७१ मधे मेन स्ट्रीट नीट करायला पैसे हवेत म्हणून आपला भोपळा फेस्टिवल काढला आणि १९७४ मधे थेट सर्कलव्हिललाच आव्हान दिलं की मोठा भोपळा कोणाचा ते बघू. हाफ मून बेच्या एका शेतकऱ्याचा १३२ पौंडाचा, म्हणजे साधारण ६० किलोचा भोपळा जिंकला, आणि तिथली वजनाची स्पर्धा तेव्हापासून चालू आहे.

मिनेसोटातल्या अनोकाची अडचण वेगळीच होती. हॅलोविनच्या रात्री तिथली पोरं नुसता धुमाकूळ घालायची, खिडक्यांना साबण फासायची, परसातले संडास उलथायची, आणि एकदा तर सकाळी लोक उठून बघतात तर मेन स्ट्रीटवर गाई हिंडतायत. पोरांना ओरडून काही होत नाही हे गावच्या मोठ्या माणसांना कळलं असावं, कारण १९२० मधे त्यांनी मिरवणूकच काढली, पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोळ्या फुकट वाटल्या आणि पोरांना त्यातच गुंतवून टाकलं. १९३७ मधे तर हे लोक आम्ही जगाची हॅलोविन राजधानी म्हणून वॉशिंग्टनला पण जाऊन आले.

आणि कॉर्न मेझ? ती तर अगदी कालपरवाची. १९९३ मधे पेन्सिल्वेनियातल्या अ‍ॅनव्हिलला ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांचा, एक प्रोड्यूसर, डॉन फ्रँट्झ, याने मक्यात डायनासोरच्या आकाराच्या वाटा कापून घेतल्या आणि त्यातून त्या वर्षी मिडवेस्टमधे आलेल्या पुरासाठी पैसे गोळा केले. मका पडेल भावाने विकण्यापेक्षा त्यात लोकांना हरवू देणं जास्त फायद्याचं आहे हे बाकी शेतकऱ्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

२०२३ मधे हाफ मून बेला २,७४९ पौंडाचा भोपळा काट्यावर चढला, म्हणजे जवळपास १,२४७ किलो, तेव्हाचा जागतिक विक्रम. तो वाढवणारा माणूस अनोकाचा होता.